पारोसे गुरुजी

इस्लापूरच्या बसथांब्याजवळ एक जुना कडुलिंब आहे. त्याच्या बुंध्याला पत्र्याची पाटी बांधलेली आहे आणि तिच्यावर पिवळ्या रंगावर काळ्या अक्षरांत लिहिलंय, 'अझाडिरॅक्टा इंडिका. कुळ : मेलिएसी.' मागं एकदा आमच्या एसटीवर नवा कंडक्टर आला. त्यानं खिडकीतून पाटी वाचली, घंटी मारली आणि ओरडला, "चला, अझाडिरॅक्टावाले उतरून घ्या!" सगळी गाडी उतरली, कारण आपलं गाव सगळ्यांना डोळ्यांनी ओळखू येत होतं. एक म्हातारी तेवढी जागची हलली नाही. "मी कामून उतरू? मी इस्लापूरची हाव," म्हणाली, आणि पदर खोचून बसून राहिली.

ती पाटी आमच्या गुरुजींची. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, घरीच रंगवून त्यांनी गावात अशा तीस-चाळीस पाट्या लावल्या. झाडाला खिळा मारणं त्यांना पाप वाटतं, म्हणून पाटी बांधायची सायकलच्या जुन्या ट्यूबनं. बुंधा जाड झाला की ट्यूब ताणली जाते, झाडाला काच बसत नाही. एवढा विचार झाडाचा. वाचणाऱ्याचा विचार त्यांनी कधी केला नाही.

मी गुरुजींचा विद्यार्थी. आता माझं खत-बियाण्याचं दुकान आहे आणि दुकानाची दुसरी पायरी गुरुजींच्या नावावर आहे असं म्हटलं तरी चालेल. पोती मोजता मोजता मी या माणसाला बघत आलोय. उंच, सडपातळ, पांढरा शर्ट, वरच्या खिशात पेनाऐवजी भिंग. अंगानं इतका स्वच्छ माणूस पंचक्रोशीत नाही. दिवसातून दोन आंघोळी, त्यातली पहाटेची बंबातल्या कढत पाण्यानं, भर उन्हाळ्यातसुद्धा. हे मी मुद्दाम सांगून ठेवतोय, कारण गावानं त्यांना जे नाव दिलं त्याचा आणि आंघोळीचा काही संबंध नाही.

गुरुजींच्या लेखी कुठलीही हिरवी वस्तू लॅटिन बारसं झाल्याशिवाय जन्मालाच येत नाही. लग्नात नवरीला हळद लागली की हे मागून पुटपुटतात, "कर्क्युमा लाँगा." पानदान पुढं आलं की "पायपर बीटल." एकदा पंगतीत त्यांनी वाढप्याला हाक मारली, "अरे, सोलॅनम मेलोन्जेना आण बरं जरा!" पोरगं घाबरलं. तीनदा आत-बाहेर करून त्यानं शेवटी मीठ वाढलं. गुरुजींना वांग्याची भाजी हवी होती.

म्हणींचीही सोय राहिली नाही. कुणी बोलता बोलता म्हणालं की कुठंही गेलं तरी पळसाला पानं तीनच, की गुरुजी बोट वर करणार. "चूक. पळसाला, म्हणजे ब्यूटिया मोनोस्पर्माला, पान एकच. त्याच्या पर्णिका तीन. संयुक्त पान असतं ते." वनस्पतिशास्त्राप्रमाणे त्यांचं बरोबर आहे. पण म्हण सांगणारा माणूस ज्या दुखण्यावरून ती सांगत होता, ते दुखणं तिथंच राहतं आणि गडी पर्णिका मोजत घरी जातो.

या वेडाला कारण मात्र आहे, आणि ते इस्लापूरचंच आहे. आमचा गाव असा, की पलीकडं पैनगंगा, सहस्रकुंडाचा धबधबा आणि धबधब्यापलीकडं यवतमाळ जिल्हा. दुसऱ्या अंगाला तेलंगणा हाकेवर. बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात मराठी, तेलुगू, गोंडी, गोरमाटी आणि दखनी अशा पाच भाषांत उधारी मागितली जाते. झाड एक आणि नावं पाच. आम्ही ज्याला मोह म्हणतो त्याला तेलुगूवाला म्हणणार इप्प. आमचा पळस त्याचा मोदुगु, आमची टेंभुर्णी त्याची तुनिकी. गुरुजी नवीन नोकरीला लागले तेव्हा वर्गात याच्यावरून पोरांची मारामारी झाली. इप्प खरं की मोह खरं, यावरून एकाचा दात पडला. गुरुजींनी फळ्यावर लिहिलं, 'मधुका' आणि म्हणाले, "आजपासून भांडण बंद. हे नाव जगात कुठंही चालतं." दात पडलेला पोरगा मीच. त्यामुळे गुरुजींचं म्हणणं मला कायम पटत आलंय, म्हणजे पटवून घ्यावं लागलंय.

पण जगात चालणाऱ्या नावांचीही एक गंमत असते. मधुका हे नाव साहेबांनी आपल्याच संस्कृतातून उचललं. आणि कडुलिंबाची पाटी लावली त्या दिवशी सायकलदुरुस्तीवाले चाचा, जे जुन्या पिढीचं उर्दू शिकलेले, पाटीपुढं उभे राहून हसायला लागले. "अझाडिरॅक्टा काय गुरुजी? आज़ाद दरख़्त! ये तो फ़ारसी है." गुरुजींनी घरी जाऊन पुस्तक काढलं. चाचा बरोबर होते. तीन दिवस गुरुजी ट्यूब मागायला चाचांच्या दुकानाकडं फिरकले नाहीत.

दुसरं वेड गावाचं. "इस्लापूर म्हणजे लहानसहान गाव नाही," हे वाक्य गुरुजी महिन्याला एकदा तरी म्हणतात. "१९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा काढून बघा. त्यात आपल्या गावाचं नाव छापलंय!" आणि छापलंय खरोखर. हैदराबाद राज्याचे तुकडे झाले तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्याचं इस्लापूर सर्कल, किनवट तालुका आणि राजुरा तालुका यांच्याबरोबर, नावानिशी मुंबई राज्याला दिलं गेलं. दिल्लीत संसदेनं इस्लापूर हा शब्द उच्चारला, याचं गुरुजींना फार अप्रूप. लॅटिन नसलं तरी ते बारसंच.

असा हा माणूस निवृत्त झाला आणि बाईंना घेऊन काश्मीरला गेला. बाई म्हणजे गुरुजींच्या मंडळी. आम्ही सगळे विद्यार्थी त्यांना बाईच म्हणतो, कारण गुरुजींच्या शिकवण्यातलं न कळलेलं आम्ही त्यांनाच विचारत असू. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसनं अमृतसर आणि तिथून पुढं. लोक काश्मीरहून शाल आणतात, अक्रोड आणतात, पसाभर केशर आणल्याच्या थापा मारतात. गुरुजींनी रोप आणलं. तिथल्या एका रोपवाटिकेतलं, वीतभर मातीच्या मुटक्यात हातभर उंचीचं. परतीच्या सगळ्या वाटेत ते ओल्या गोणपाटात गुंडाळून बाईंच्या मांडीवर. बाई सांगतात, "तीन लेकरं वाढवली, पन एकाचंबी इतकं करून घेतलं नाई ह्यांनी माझ्याकडून."

दुसऱ्या दिवशी अंगणात लावणीचा समारंभ. हजर मंडळी : मी, चाचा, शेजारची चार पोरं आणि गुरुजींच्या सासूबाई, ज्यांना एका कानानं कमी आणि दुसऱ्या कानानं त्याहून कमी ऐकू येतं.

"हे," गुरुजी म्हणाले, "पॅरोशियॉप्सिस जॅकमॉन्शियाना."

आम्ही गप्प.

"सोपं आहे. अर्धं अर्धं म्हणा. पॅरोशि..."

"पारोसी," पोरांनी एका सुरात म्हटलं.

गावाचा निकाल तिथंच लागला. ज्याची आंघोळ झाली नाही तो पारोसा. झाडाचं नाव पारोसं पडलं ते पडलंच. बाई पदराआड हसल्या. गुरुजींना ऐकू आलं नाही, कारण ते सांगण्यात बुडाले होते. पॅरट नावाचा एक डॉक्टर होता, त्यानं १८२९ साली अरारात नावाचा मोठा पर्वत पहिल्यांदा सर केला. त्याच्या नावावरून इराणकडच्या एका झाडाला पॅरोशिया म्हणतात. हे झुडूप त्याच्यासारखं दिसतं म्हणून पॅरोशियॉप्सिस. म्हणजे पॅरोशियासारखी. पोरांनी यातला फक्त पॅरट उचलला आणि पोपट कुठं बसलाय ते शोधायला लागली.

"आणि आडनावाचा मानकरी," गुरुजींचा आवाज हळवा झाला, "व्हिक्टर झाकमाँ. पॅरिसचा तरुण. १८२९ ला हिंदुस्थानात आला, १८३१ ला काश्मीर हिंडला, रणजितसिंहांच्या दरबारात जाऊन आला. आणि वारला कुठं? आपल्या मुंबईत! ७ डिसेंबर १८३२. वय वर्षं एकतीस. पुढं त्याच्या अस्थी पॅरिसला नेल्या, पण देह महाराष्ट्राच्या मातीत पडला. झाकमाँ!"

"झाकलंय की बाबा," सासूबाई दचकून म्हणाल्या आणि पदर आणखी पुढं ओढला. "अजून किती झाकू, माय?"

समारंभ इथं संपला असता तर बरं झालं असतं. पण चाचांनी सहज विचारलं, "फूल कैसा आता गुरुजी?" गुरुजी खुलले. म्हणाले, याच्या फुलाला पाकळी नसतेच. मधे पिवळ्या पुंकेसरांचा झुबका आणि भोवती पांढरी दिसतात ती छदं, म्हणजे पानाचाच प्रकार. आपल्या कागदी फुलाच्या बोगनवेलीत रंगीत दिसतं ते फूल नसून पान असतं, तसंच. हिमालयाच्या उतारावर वसंतात हे असं पांढरं फुलतं. तिथले लोक त्याच्या लवचिक फांद्या पिळून दोर करतात आणि त्या दोरांचे झुलते पूल बांधतात. "मोठं घराणं आहे. कुळ हॅमॅमेलिडेसी. याच घरातली अमेरिकेची विच हेझल. तिची बी पिकली की बोंड आपोआप फुटतं आणि बी बंदुकीच्या गोळीसारखी लांब उडते, आपल्या तेरड्याची मोठी बहीणच. तिच्यापासूनच तर ते होमिओपॅथीतलं हॅमामेलिस..."

"हां हां!" चाचांना एकदम ओळख पटली. "वो तो बवासीर की दवा!"

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता गुरुजींच्या दारात पहिला माणूस उभा होता.

मूळव्याध हा रोग असा, की कुणाला झालाय ते सगळ्या गावाला माहीत असतं आणि ज्याला झालाय तो सोडून सगळे त्याच्याबद्दल बोलतात. येणारा ओट्यावर टेकायचा, तेही एका कुल्ल्यावर. आधी पावसाचं बोलायचा. मग कापसाचा भाव. मग सोयाबीनवरची अळी. गुरुजींना वाटायचं, निवृत्तीनंतर गावाला आपली किंमत कळली. तास गेला की पाहुणा आवाज उतरवायचा, "गुरुजी, त्या पारोशाची दोन पानं भेटतील का? घरी मेव्हण्याला पायजेत." महिन्याभरात इस्लापुरातल्या झाडून सगळ्या मेव्हण्यांना मूळव्याध झाली.

गुरुजी समजावून थकले. "अरे, ती वेगळी, ही वेगळी. कुळ एक म्हणून गुण एक होत नाही. तुझ्या चुलतभावाला नोकरी लागली म्हणून पगार तुझ्या हातात येतो का?" हा मुद्दा लोकांना पटायचा, पण रात्री पान तोडायला ते यायचेच. एकूण सतरा पानांपैकी अकरा गेली. तेव्हा गुरुजींनी रोपाभोवती काटेरी बाभळीच्या फांद्या लावल्या आणि पाटी केली. शहाण्या माणसानं लिहिलं असतं, 'पानं तोडू नयेत.' गुरुजींनी लिहिलं, 'पॅरोशियॉप्सिस जॅकमॉन्शियाना. कुळ : हॅमॅमेलिडेसी.'

थंडी बरी गेली. फेब्रुवारीत रोपानं दोन नवी पानं काढली आणि गुरुजींनी माझ्या दुकानात पेढे वाटले. मग होळी झाली आणि आमच्याकडचं ऊन सुरू झालं.

नांदेड जिल्ह्याचं ऊन काय चीज आहे ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. दुपारी बारा ते चार रस्त्यावर फक्त दोन जीव दिसतात, एक म्हैस आणि तिला शोधणारा. पारा चव्वेचाळीसला टेकला आणि बर्फाच्या पायथ्याशी जन्मलेलं ते लेकरू कडेनं करपायला लागलं. गुरुजींनी बाईंची इरकली साडी सावलीला बांधली. बाई काही बोलल्या नाहीत. मग घरातला कूलर अंगणात आला. त्या रात्री बाई बोलल्या. "मी पन हिमालयातून आलेली असते तर बरं झालं असतं," एवढंच. दिवसाआड बर्फाची लादी यायची, ती मडक्यात ठेवून रोपाच्या बुडाशी. सकाळ-संध्याकाळ घागर घागर पाणी. मे महिन्यात गावातल्या बायका बोअरवर भांडी लावून बसलेल्या असताना ती धार मातीत जाताना बघून बाई मला म्हणाल्या, "रोज दोन आंघोळी घालू लालेत बघ त्याला. तरी ते पारोसंच!"

गुरुजी एके दिवशी दुकानात आले. "आम्लधर्मी माती आहे का?"

"गुरुजी, आपल्याकडं कुठली? आपली काळी, चुनखडीची. तुम्हीच शिकवलं."

"मग आम्ल काय देता येईल?"

मी गंधकाची पुडी दिली. तिचा परिणाम होण्याइतका धीर त्यांना नव्हता. त्यांनी घरी जाऊन ताक घातलं, मग चिंचेचं पाणी, मग लिंबू. एकंदर त्या आळ्यात आमटीचं बरंचसं सामान जमलं. फोडणी तेवढी राहिली.

मेच्या शेवटी वीज दीड दिवस गेली आणि कूलर थांबला. वीज आली तोवर उरलेली पानं गळाली होती. मी जाऊन बघितलं. काडी वाळून कोळ झाली होती.

"झोपलंय," गुरुजी म्हणाले. "पानगळीचं झुडूप आहे. सुप्तावस्था म्हणतात याला."

"गुरुजी, सुप्तावस्था हिवाळ्यात असते ना?"

"तिकडं हिवाळ्यात. इकडं हवामान उलटं आहे, म्हणून ते उन्हाळ्यात झोपलंय." आयुष्यभर आमच्या प्रयोगवहीत 'निरीक्षण' आणि 'अनुमान' या दोन रकान्यांत गल्लत झाली की शून्य देणारा हा माणूस, आज त्यानं निरीक्षणाचा रकाना कोराच सोडला होता. रोज पहाटे आंघोळ करून ते भिंग घेऊन काडीपुढं उकिडवे बसायचे. येणारे-जाणारे आता मूळव्याधीचं विचारत नव्हते. "उठलं का गुरुजी पारोसं?" एवढंच. पोरांना मात्र त्या दिवशी अंगणात न सापडलेला पोपट आता सापडला होता. गुरुजींचा झालेला.

त्याच दिवसांत कुठल्याशा पुस्तकात त्यांना आणखी एक वाईट बातमी सापडली. या झुडपाला आधी एका साहेबानं फोदरगिला म्हटलं होतं, लंडनच्या कुणा डॉक्टर फोदरगिलच्या नावावरून. मग दुसऱ्यानं म्हटलं, छे, ही पॅरोशिया. मग तिसरा म्हणाला, पॅरोशिया नव्हे, पॅरोशियासारखी. गुरुजी पायरीवर येऊन बसले ते सुतकी चेहऱ्यानं. "तीन तीन नावं! मग हे चौथ्यांदा बदलणार नाही कशावरून? कायम ते काय राहिलं?"

मी खताचं बिल फाडत होतो. म्हणालो, "गुरुजी, आपला गाव आधी निजामाचा. मग १९४८ नंतर भारताच्या हैदराबाद राज्याचा. तालुका बोथ, जिल्हा आदिलाबाद. १९५६ ला मुंबई राज्याचा, जिल्हा नांदेड, तालुका किनवट. १९६० ला महाराष्ट्राचा. एवढ्या वेळा कुळ बदललं. गाव एक वीत तरी सरकला का? सहस्रकुंडाचं पाणी तिथंच पडतंय ना?"

गुरुजींनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार. ते म्हणाले, "कुळ नाही. प्रशासकीय वर्गीकरण. शब्द नीट वापर." आणि उठून गेले.

काडी शेवटी बाईंनी उपटली. जूनच्या पहिल्या पावसात सरपण भिजलं होतं, पहाटेचा बंब पेटेना आणि अंगणात ती एकच वस्तू कोरडी होती, कारण तिच्यावर साडी बांधलेली होती. काश्मीरहून मांडीवर आणलेलं झाड बाईंनी चार तुकडे करून बंबात घातलं. गुरुजी आंघोळ करून बाहेर आले, म्हणाले, "आज पाणी झकास तापलंय." मग अंगणात गेले. मग परत आत आले आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. संध्याकाळची आंघोळ त्यांनी त्या दिवशी केली नाही. जन्मात पहिल्यांदा गुरुजी पारोसे झोपले, असं बाई सांगतात.

पण पाटी राहिली. ती काढायला कुणाचा हात धजेना. आणि ताकाची, चिंचेची, बर्फाच्या पाण्याची ती भुसभुशीत माती पावसानं भिजताच तिच्यात तरोटा उगवला. असा हिरवागार, की तसा उकिरड्यावरही येत नाही. शेजारणी आल्या, पाटी बघितली, पोराकडून वाचून घेतली आणि एकमेकींना म्हणाल्या, "माय, हेच ते पारोसं! गुरुजींनी जगवलं म्हना की." कोवळी पानं खुडून नेली, लसूण-मिरची घालून भाजी केली, वाटीभर बाईंकडं पाठवली. गुरुजींनी दोन भाकरींबरोबर ती चाटूनपुसून खाल्ली आणि मग विचारलं, काय होतं ते. बाईंनी सांगितलं. "सेन्ना टोरा," गुरुजी पुटपुटले, पण भिंगाला त्यांनी हात लावला नाही.

माणसाला एखाद्या गोष्टीचा फार लळा लागला की तो आधी तिच्या नावाला जपतो. गुरुजींचं तेच झालं. त्यांनी नाव जपलं ते पत्र्यावर राहिलं. आम्हा अडाण्यांना ते म्हणता आलं नाही, म्हणून ते आमच्या तोंडात राहिलं. कुणाचं जास्त टिकेल ते मला माहीत आहे, पण पायरीवर गुरुजी बसलेले असताना मी ते बोलत नाही.

दरवर्षी ७ डिसेंबरला गुरुजी त्या पाटीला हार घालतात. आणि आषाढात इस्लापूरच्या बाजारात बायका तरोटा विकायला बसतात, तेव्हा गिऱ्हाईक जुडी उचलून विचारतं, "पारोशाची भाजी कशी दिली?"